सागराचे तापमान आणि मासळीचा ठाव



आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांनी समुद्र पाहिलेला असतो. तथापि समुद्राची मासळी त्यांच्या पूर्ण परिचयाची आहे. मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शी यांसारख्या कोणत्याही गावच्या आठवडी बाजारात सुक्या बोंबलांचे आणि झिंग्यांचे ढीग मांडलेले असतात व त्यांचा वास बाजारात शिरण्यापूर्वीच नाकाशी येतो. हे बोंबील कोठून आले, असा प्रश्न वर्गात विचारला म्हणजे ‘समुद्रातून’ असे उत्तर मिळते. समुद्रात ते कोठे मिळतात, असे पुढे विचारले की ‘पाण्यात’ असे उत्तर येते आणि वर्ग हसतो.

त्या उत्तरात हसण्यासारखे एवढेच आहे की ते अपुरे आहे. समुद्राचे पाणी सर्वत्र सारखेच दिसत असले तरी मासळी सर्वत्र सारखी नसते. समुद्राचा फार मोठा भाग मासळीच्या दृष्टीने जवळजवळ ओसाड असतो. मासेमारांचे सारे कौशल्य, त्यांचा वेळ आणि आता तर त्यांच्या डिझेलचा खर्चही, त्या विस्तीर्ण ओसाडीतून भरलेली जागा हुडकण्यात जातो. ती जागा हुडकण्याच्या कामी पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान ही एक मोठी उपयुक्त खूण ठरली आहे. ती खूण का ठरते, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. हा विषय आपल्या मुलांना परका वाटेल अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु ज्या नियमाने समुद्रात मासळीचे थवे जमतात, त्याच नियमाने आपल्या गावच्या तलावातील मासळी एखाद्या सकाळी मरून तरंगताना दिसते, हे लेखाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

प्रथम अन्नाचा प्रश्न घेऊ. शेतात पीक येण्यास ऊन आणि खत दोन्ही लागतात व ती दोन्ही एकाच जागी मिळतात. समुद्रातही वनस्पती आहेत. त्या इतक्या सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांना एकेकट्या दिसत नाहीत. त्यांना वनस्पति-प्लवक म्हणतात. त्यांवर सूक्ष्म प्राणी जगतात, त्या दोहोंवर तारली-बांगड्यांसारखे मासे आणि या माशांवर सुरमई, कुपा यांसारखे मोठे मासे. सारांश, जेथे हे सूक्ष्म हिरवे पीक, तेथे मासळी. परंतु समुद्रात अडचण अशी की ऊन वर असते आणि खत खाली. सूर्यप्रकाश वरच्या थरापलीकडे फारसा पोचत नाही. आणि मेलेल्या जीवांचे अवशेष सतत खाली बसत असल्याने नत्र, स्फुरद इत्यादी पोषक द्रव्यांचा साठा खोल पाण्यात होतो. वरचा थर आपल्याजवळचे खत संपवून बसतो. म्हणून खालचे पाणी कोणत्या तरी कारणाने वर आले, तरच पीक तरारते.

ते सहजासहजी वर येत नाही, याचे कारण तापमान. ऊन पाणी हलके असते, थंड पाणी जड असते. उन्हाने तापलेला वरचा थर खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखा तरंगत राहतो. झाकण जितके अधिक तापलेले, तितके ते घट्ट. ही गोष्ट तोंडी सांगून पटत नाही; ती दाखवावी लागते.

वर्गात करावयाचा प्रयोग

काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्याव्यात. पहिलीत अर्ध्यापर्यंत हाताला सोसेल इतके ऊन पाणी घालावे. एका तांब्यात माठातील गार पाणी घेऊन त्यात शाईचे काही थेंब टाकावेत. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो दोन्ही टोकांस कापून व धुऊन घेतला म्हणजे उत्तम नळी होते. नळीचे एक टोक बरणीच्या तळाशी टेकवून दुसऱ्या टोकातून शाईचे गार पाणी अगदी सावकाश सोडावे. निळे पाणी तळाशी पसरते आणि स्वच्छ ऊन पाणी त्याच्यावर उचलले जाते. दोहोंमधील सीमा चांगली स्पष्ट दिसते. आता एखाद्या मुलास पृष्ठभागावर हलकी फुंकर घालावयास सांगावे. वरचे पाणी हलते, निळे पाणी जागचे हलत नाही. मग जोराने फुंकावे, वा चमच्याने वरचे पाणी एका बाजूस लोटावे. तेव्हा दुसऱ्या बाजूने निळे पाणी वर चढू लागते.

दुसऱ्या बरणीत साधे गार पाणी घेऊन हीच कृती करावी. येथे शाई लवकरच सर्वत्र पसरते, कारण दोन्ही पाणी सारखेच गार आहे. पुष्कळ शिक्षक वेळ वाचविण्यासाठी ही दुसरी बरणी गाळतात. ती गाळू नये. तिच्यावाचून मुलांना शाई दिसते, तापमान दिसत नाही.

एवढे झाले म्हणजे समुद्राकडे वळण्यास हरकत नाही. मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. झाकण घट्ट बसलेले असते. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुटतात. जोरदार वारा आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या संयुक्त परिणामाने सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांजवळील वरचे पाणी खोल समुद्राकडे सरते आणि त्याची जागा घेण्यास खालचे थंड पाणी वर येते. सोमालियाचा किनारा विषुववृत्ताजवळ असूनही ऐन पावसाळ्यात तेथील पाणी काही ठिकाणी २० अंशांच्याही खाली उतरते. आपल्या देशात केरळ व दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावर हीच क्रिया सौम्य प्रमाणात घडते. तारलीचे विपुल पीक त्या किनाऱ्यावर येते, याचे मूळ या वर येणाऱ्या पाण्यात आहे. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यातही एक फेरा होतो. कोरड्या थंड वाऱ्यांनी वरचे पाणी गार व जड होऊन खाली बसते आणि खालचे वर येते. अरबी समुद्र असा वर्षातून दोनदा नांगरला जातो, असे म्हटले तर शेतकऱ्याच्या मुलास ते चटकन समजेल.

थंड पाणी वर आले त्याच दिवशी तेथे मासे मिळतात, असे मात्र नाही. पेरणी आणि कापणी यांमध्ये जसा काळ जातो तसाच येथेही जातो. सूक्ष्म वनस्पती काही दिवसांत वाढतात, त्यांवरील प्राण्यांस अधिक काळ लागतो आणि तोवर प्रवाहाने ते पाणी दुसरीकडे गेलेले असते. म्हणून मासळी बहुधा थंड पाण्याच्या ऐन मध्यात न मिळता त्याच्या काठावर, ऊन व थंड पाण्याच्या संगमरेषेवर मिळते. पावसाळ्यात दोन नद्यांच्या संगमापाशी दोन रंगांची पाणी काही अंतर शेजारी-शेजारी वाहताना आपण पाहिली असतील. त्या रेषेवर फेस, पालापाचोळा आणि काटक्या गोळा होतात. समुद्रातील संगमरेषेवरही तरंगते अन्न असेच गोळा होते. कोळी बांधव ही रेषा पिढ्यानुपिढ्या ओळखत आले आहेत. पाण्याचा पालटलेला रंग, फेसाचा पट्टा, एका जागी घिरट्या घालणारे पक्षी, या त्यांच्या खुणा होत.

ही रेषा आता आकाशातूनही शोधली जाते. प्रत्येक उष्ण वस्तू अदृश्य अवरक्त किरण बाहेर टाकते व ते किती तीव्र आहेत यावरून तिचे तापमान काढता येते. उपग्रह हेच करतो. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या मोजमापांवरून मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना मासेमारांना देते. आरंभी या कामी केवळ तापमानाचा उपयोग होत असे. पुढे पाण्याच्या रंगावरून त्यातील हरितद्रव्य मोजणारे उपग्रह आले. भारताचा ओशनसॅट मालिकेतील पहिला उपग्रह २६ मे १९९९ रोजी, दुसरा २३ सप्टेंबर २००९ रोजी आणि तिसरा २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सोडण्यात आला. तापमानावरून खालचे पाणी कोठे वर आले ते कळते, रंगावरून पीक उगवले की नाही ते कळते. दोन्ही खुणा एका जागी जुळल्या म्हणजे भरवसा वाढतो. सूचनेत अमुक बंदरापासून अमुक दिशेस, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीच्या पाण्यात, अशी माहिती असते व ती किनाऱ्यावरील लोकांच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीतही, दिली जाते. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातून निघणाऱ्या नौकेस समुद्रात निरर्थक भटकावे लागले नाही तर तेवढे इंधन वाचते. हैदराबाद हे शहर स्वतः समुद्रापासून दूर आहे, हे मुलांना जरूर सांगावे. समुद्राचा अभ्यास करण्यास समुद्रकाठीच राहिले पाहिजे असे नाही.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उपग्रहास समुद्राची केवळ कातडी दिसते, खोलातील तापमान दिसत नाही. ढग आले की अवरक्त किरण अडतात आणि नकाशावर रिकामी जागा राहते. शिवाय ही युक्ती मुख्यत्वे वरच्या थरात थव्याने हिंडणाऱ्या माशांस लागू पडते. आपल्या बाजारात येणाऱ्या बोंबलाची गोष्ट निराळी आहे. तो पालघर, मुंबई, रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत सापडतो. डोल ठरावीक जागी रोवलेली असते व भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपण होऊन तीत शिरते. डोलीच्या धन्यास मासळीच्या मागे जावयाचे नसते. त्याला तापमानाच्या नकाशापेक्षा तिथीचे पंचांग अधिक उपयोगी.

येथवर तापमानाचा परिणाम अन्नाच्या द्वारे कसा होतो ते पाहिले. तो माशाच्या शरीरावर प्रत्यक्षही होतो. बहुतेक मासे शीतरक्ती असल्याने भोवतालचे पाणी जितके ऊन तितकेच त्यांचे शरीर ऊन. पाणी तापले की त्यांची हालचाल, भूक व श्वसन वाढते. पण नेमके त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. खर्च वाढला आणि मिळकत घटली, अशी ही अवस्था होय. म्हणून प्रत्येक जातीचा मासा आपणास मानवणाऱ्या तापमानाचे पाणी शोधीत राहतो.

समुद्राचेच तापमान बदलू लागले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागराचा पृष्ठभाग शतकास सुमारे १.२ अंश या वेगाने तापला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या निरीक्षणांप्रमाणे पूर्वी तारली मुख्यत्वे ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मिळे. पुढील दशकांत ती उत्तरेकडे महाराष्ट्र व गुजरातपर्यंत, तसेच पूर्व किनाऱ्यावरही मिळू लागली. बांगड्याने दुसरा मार्ग धरला. पूर्वी तो बहुतांशी वरच्या पाण्यातील जाळ्यांत येई. पुढे तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांतही वाढत्या प्रमाणात येऊ लागला. एक उत्तरेकडे सरकला, दुसरा खोल गेला. दोघांनाही तुलनेने गार पाणीच हवे होते, असा तर्क शास्त्रज्ञ करतात. मात्र तारलीचे उत्पन्न स्थिर राहिले असे नाही. केरळात २०१२ साली तिचे उत्पन्न चार लाख टनांच्या घरात होते, ते २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही खाली आले. या घसरणीचा सर्व दोष उष्णतेवर टाकणे योग्य होणार नाही. नौका वाढल्या, जाळ्यांची कासे बारीक झाली, लहान पिलेही उपसली गेली.

जगात या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे आहे आणि ते आपल्या धानाच्या बांधीपर्यंत येऊन पोचते. पेरूच्या किनाऱ्यावर एरवी थंड पाणी वर येत असल्याने अँकोव्हेटा नावाची लहान मासळी तेथे अमाप मिळते. काही वर्षांनी एकदा नाताळच्या सुमारास तेथील पाणी असाधारण तापते. तेथील मासेमारांनी या घटनेला एल निनो, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. १९७० साली पेरूत १ कोटी २० लाख टनांहून अधिक अँकोव्हेटा पकडली गेली होती. अतिरिक्त मासेमारी आणि १९७२-७३चा एल निनो यांच्या एकत्रित आघाताने १९७३ साली ती सुमारे वीस लाख टनांवर आली. या मासळीची भुकटी पशुखाद्यात जात असे. ती मिळेनाशी झाल्यावर सोयाबीनच्या पेंडीची मागणी जगभर भडकली. वरोरा-भद्रावतीकडे सोयाबीन पेरणाऱ्यांच्या मुलांना ही गोष्ट रंजक वाटेल.

एल निनोच्या वर्षी आपल्याकडील मोसमी पाऊस अनेकदा कमी पडतो. २००२ व २००९च्या दुष्काळी वर्षांत एल निनो होता. परंतु १९९७ साली अत्यंत प्रबळ एल निनो असूनही देशातील पाऊस सरासरीइतका पडला. यास्तव ‘एल निनो आला, दुष्काळ पडणार’ असे ठोकून सांगू नये. पाठ्यपुस्तकात एक ओळ वाचून गावात भविष्य वर्तविणारा शिक्षक एका पावसाळ्यात आपली पत घालवून बसतो.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. वर्धा आणि वैनगंगा यांचा चपराळ्याजवळ संगम होऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जाते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी व गोदावरी या नद्यांचे प्रचंड गोडे पाणी त्या उपसागरावर पसरते. गोडे पाणी खाऱ्याहून हलके. म्हणजे उन्हाच्या झाकणावर हे आणखी एक झाकण. तेथील वारा ते सहसा फोडू शकत नाही, वरचे पाणी ऊनच राहते व खालचे खत वर येण्यास वाव मिळत नाही. अरबी समुद्राच्या मानाने बंगालचा उपसागर कमी सुपीक असण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. वरील प्रयोगात ऊन पाण्याऐवजी साधे पाणी आणि गार पाण्याऐवजी मिठाचे पाणी घेतल्यास हेही दाखविता येते.

गावच्या तलावातील मासळी

मालगुजारी तलाव आणि बोड्या हे आपल्या भागाचे वैभव आहे. त्यांतील रोहू, कतला व मृगळ यांवर ढिवर समाजातील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी कमी झालेले असते. वरचा थर तापून झाकण बसते. तळाशी गाळ व पालापाचोळा कुजत असतो आणि त्या कुजण्यात तळच्या पाण्यातील प्राणवायू संपून जातो. अशात वळवाचा जोराचा पाऊस वाऱ्यासह कोसळला की वरचे पाणी एकदम गार होऊन खाली जाते व तळचे प्राणवायुहीन पाणी वर येते. आभाळ भरलेले असल्यास पाण्यातील वनस्पतींकडून दिवसाही पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि रात्री तर त्या स्वतःच तो खर्च करतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात; सकाळी तलाव पांढऱ्या पोटांनी भरलेला दिसतो.

समुद्रात जी क्रिया मासळीस जीवन देते, तीच येथे तिचा जीव घेते. समुद्रातही हे पूर्णपणे टळत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, जिची स्थापना १९६६ साली झाली, दाखवून दिले आहे की पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत खालून येणारे पाणी प्राणवायूस फार दरिद्री असते.

तलावात मासळी मेली की गावात पहिला शब्द उठतो तो ‘विष टाकले’ हा. संशय बहुधा ज्याच्याशी पूर्वीचे भांडण आहे त्याच्यावर जातो, किंवा ठेका न मिळालेल्या घरावर. पुढे पंचायत, पोलीस, आणि शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांचे बोलणे बंद. विष टाकण्याचे प्रकार घडतच नाहीत असे मी म्हणत नाही. परंतु प्राणवायूच्या अभावी मासळी मरते तेव्हा बहुधा मोठे मासे आधी मरतात, ते पहाटे मरतात, आणि त्याआधी ते वर येऊन धापा टाकताना दिसलेले असतात. विषाने लहानमोठे सर्वच मासे, आणि पाण्यातील बेडूक-किडेही, दिवसाच्या कोणत्याही वेळी मरू शकतात. या खुणांवरून केवळ अंदाज बांधता येतो, निवाडा नव्हे. निवाड्यासाठी पाण्याचा नमुना मत्स्यव्यवसाय विभागाकडे तपासणीस पाठवावा आणि तोवर कोणाचे नाव घेऊ नये, एवढे सांगण्याचा अधिकार गावच्या शिक्षकास निश्चित आहे. मेलेली मासळी खाऊ नये, हेही त्याच वेळी सांगावे.

ज्या शाळेजवळ तलाव आहे तिने मार्चपासून पावसाच्या आरंभापर्यंत तलावाचे तापमान नोंदवावे. पृष्ठभागाचे पाणी बादलीने काढून लगेच मोजावे. खालच्या पाण्यासाठी बाटलीस दगड बांधावा, बुचास वेगळी दोरी बांधावी, बाटली तळाजवळ सोडून मग बूच ओढावे व भरलेली बाटली त्वरेने वर घ्यावी. हे काम डोंग्यातून ढिवर बांधवांच्या साहाय्याने व्हावे; मुलांना खोल पाण्यात उतरवू नये. मोजणी आठवड्यातून एकदा, सूर्योदयाच्या सुमारास आणि दुपारी तीन वाजता अशी दोन वेळा असावी. दोन थरांतील फरक, वारा, ढग व पाऊस यांची नोंद एकाच वहीत ठेवावी. फरक काही आठवडे मोठा राहिला, पाणीही घटले आणि वळवाची चिन्हे दिसू लागली, तर ती वही संस्थेच्या चालकांना दाखवावी, म्हणजे मोठी मासळी वेळीच काढून घेण्याचा विचार त्यांना करता येईल. मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना मुलांना दाखवावयाची असल्यास ती हिवाळ्यात पाहावी. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते व त्या काळात ही सूचना निघत नाही.